कॅन्सरचा ‘शेक’ आणि आपला श्वास: रेडिएशनच्या टेबलावर श्वास रोखायला का सांगतात?

घरात कुणाला कॅन्सर निघाला की ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन हे तीन शब्द रोजच्या बोलण्यात येतात. ऑपरेशन काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं. केमो म्हणजे सलाईनमधून दिलं जाणारं औषध, एवढं तरी कळतं. पण रेडिएशन? कुणी त्याला ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’, उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘सेंकाई’. नावावरून वाटतं की आत काहीतरी भाजून काढतात. मग भीती बसते, आणि भीती बसली की माणूस प्रश्न विचारत नाही, नुसती मान हलवतो.

या लेखात रेडिएशनमधली एकच गोष्ट नीट समजून घेऊ. ती म्हणजे आपला श्वास. मशीन कोट्यवधी रुपयांचं असतं, ते मिलिमीटरमध्ये नेम धरतं. पण ज्याच्यावर नेम धरायचा तो माणूस श्वास घेतो, आणि श्वासाबरोबर आतली गाठही हलते. म्हणूनच काही रुग्णांना “श्वास भरा आणि रोखून धरा” असं सांगतात. विशेषतः डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये या साध्या वाटणाऱ्या कामाचा संबंध थेट हृदयाशी आहे. आपल्या आया-बहिणींना हे माहीत असायलाच हवं.

रेडिएशन नेमकं करतं काय?

बहुतेक रुग्णालयांत ‘लिनॅक’ नावाचं मशीन असतं. हाडाचा एक्स-रे काढताना जे किरण वापरतात त्याच जातीचे, पण कितीतरी जास्त शक्तीचे किरण ते बाहेरून गाठीवर सोडतं. हे किरण पेशीच्या आतल्या डीएनएला इजा करतात. कॅन्सरच्या पेशींना ही इजा दुरुस्त करणं तितकं जमत नाही, निरोगी पेशींना बऱ्यापैकी जमतं. म्हणून एकदम सगळा डोस न देता तो रोज थोडा थोडा देतात. टेबलावर पडल्यावर काही भाजत नाही, दुखत नाही. बाहेरून दिलेले हे किरण शरीरात साठूनही राहत नाहीत, त्यामुळे घरी येऊन मुलांना जवळ घ्यायला काहीच हरकत नाही.

डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी साधारण ५० ग्रे २५ दिवसांत विभागून द्यायचे, म्हणजे पाच आठवडे. नंतर ४० ग्रे १५ दिवसांत ही पद्धत रूढ झाली. ब्रिटनमधल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासात २६ ग्रे फक्त ५ दिवसांत देऊन पाहिले आणि २०२० मध्ये त्याचे चांगले निकाल आले. फुप्फुसाच्या छोट्या गाठींना तर तीन ते पाच बैठकांतच मोठा डोस देतात. रुग्णाच्या फेऱ्या वाचतात, खर्च वाचतो. पण दर दिवसाचा डोस जितका मोठा, तितका नेम पक्का लागतो. २५ बैठकांपैकी एका दिवशी थोडं चुकलं तर ते बाकीच्या दिवसांत झाकलं जातं. तीनच बैठका असतील तर तशी सवड राहत नाही.

श्वासाने गाठ किती हलते?

घरी एक प्रयोग करा. पाठीवर झोपा, पोटावर एक पुस्तक ठेवा आणि शांतपणे श्वास घ्या. पुस्तक वर-खाली होताना दिसेल. आत याहून जास्त हालचाल चालू असते. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. श्वास आत घेताना तो खाली सरकतो, सोडताना वर येतो. साध्या श्वासातही ही हालचाल एक-दोन सेंटिमीटरची असते. या पडद्याच्या वर फुप्फुसं आणि हृदय, खाली यकृत, जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंडं. पडदा सरकला की शेजारीही सरकतात.

त्यामुळे फुप्फुसाच्या तळाशी असलेली गाठ एकेका श्वासात एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त, डोक्याच्या आणि पायाच्या दिशेने ये-जा करते. फुप्फुसाच्या टोकाकडची गाठ फारशी हलत नाही. यकृतातली गाठ चांगलीच हलते. मेंदूतल्या किंवा घशातल्या गाठीला श्वासाचा फारसा फरक पडत नाही. तेव्हा शेजारच्या रुग्णाला श्वास रोखायला सांगितलं आणि आपल्याला नाही सांगितलं, म्हणून घाबरायचं कारण नाही. गाठ कुठे आहे त्यावर ते ठरतं.

आता हिशेब करा. माणूस शांत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. मिनिटाला १५ धरले तर दहा मिनिटांच्या बैठकीत १५० श्वास, म्हणजे १५० वेळा गाठ जागेवरून हलून परत आली.

यामुळे अडचण काय होते?

पहिली अडचण सीटी स्कॅनमध्ये. पळणाऱ्या पोराचा फोटो काढला तर तो धूसर येतो. तसंच हलत्या गाठीचं. साध्या सीटीमध्ये ती तुटक, चपटी किंवा आहे त्याहून लहान-मोठी दिसू शकते. आणि सगळा उपचार याच चित्रावर आखायचा असतो.

दुसरी अडचण मोजमापाची. गाठ हलते म्हणून डॉक्टर तिच्याभोवती थोडी जास्त जागा घेतात, म्हणजे ती कुठेही गेली तरी किरणांच्या टप्प्यात राहील. पण याची किंमत बघा. गाठ ३ सेंटिमीटर व्यासाची, साधारण लिंबाएवढी, आहे असं धरा. तिच्या सगळ्या बाजूंनी १ सेंटिमीटर जागा वाढवली तर व्यास झाला ५ सेंटिमीटर. वाटतं थोडंच वाढलं. पण गोलाचं घनफळ काढलं तर १४ घन सेंटिमीटरवरून ते ६५ वर जातं, म्हणजे साडेचार पटीहून जास्त. ही वाढलेली जागा सगळी निरोगी फुप्फुसाची किंवा यकृताची असते.

तिसरी अडचण प्रत्यक्ष किरण देताना. आधुनिक मशीनमध्ये किरणांचा आकारही सतत बदलत असतो. इकडे किरण सरकतायत, तिकडे गाठ सरकतेय. दोघांचा ताल जुळला नाही तर गाठीच्या एका भागाला जास्त आणि दुसऱ्याला कमी डोस मिळू शकतो.

यावर काढलेले उपाय

सगळ्यात आधी हालचाल मोजतात. त्यासाठी ‘फोर-डी सीटी’ करतात. रुग्णाच्या पोटावर छोटी खूण किंवा पट्टा ठेवून श्वासाची नोंद घेतात, आणि एका श्वासाचे साधारण दहा भाग करून प्रत्येक भागाचं वेगळं चित्र बनवतात. ही चित्रं ओळीने पाहिली की गाठ कुठून कुठे जाते याची छोटी फिल्मच तयार होते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये एक अहवाल दिला. त्यात त्यांनी ढोबळ नियम सांगितला की गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर श्वासाचा बंदोबस्त करायचा विचार करावा.

बंदोबस्ताच्या मुख्य रीती अशा:

१. पूर्ण वाट झाकणे. फिल्ममध्ये गाठ जिथे जिथे जाते तेवढा सगळा भाग किरणांखाली घ्यायचा. सोपी रीत, रुग्णाला वेगळं काही करावं लागत नाही. पण निरोगी भागही जास्त सापडतो.

२. पोटावर दाब. पोटावर फळी किंवा पट्टा हलकेच दाबून बसवतात, म्हणजे श्वास उथळ होतो आणि श्वासपटल कमी सरकतं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इथे १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आली.

३. दार उघड-बंद करणे. इंग्रजीत याला ‘गेटिंग’ म्हणतात. रुग्ण नेहमीसारखा श्वास घेतो. गाठ ठरलेल्या जागी आली की किरण चालू, सरकली की बंद. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये याची माहिती प्रसिद्ध केली होती. यात बराच वेळ किरण बंद असतात, त्यामुळे बैठक लांबते.

४. गाठीचा पाठलाग. गाठीजवळ सोन्याचे बारीक दाणे ठेवतात आणि एक्स-रेने त्यांच्यावर नजर ठेवतात. ‘सायबरनाइफ’ मशीनचा यांत्रिक हात तर गाठीबरोबर स्वतःही हलतो. एमआरआय आणि रेडिएशन एकत्र असलेल्या मशीनवर उपचार चालू असतानाच आतलं दिसतं.

५. श्वास रोखणे. रुग्ण खोल श्वास भरून थांबतो, तेवढ्यात किरण देतात. श्वास सोडला की किरण बंद. आपल्याला सगळ्यात जास्त कळायला हवी ती हीच रीत, कारण यात अर्धं काम रुग्णाचं आहे.

डावा स्तन आणि हृदय

भारतातल्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. ऑपरेशननंतर अनेकींना रेडिएशन लागतं. हृदय छातीत थोडं डावीकडे, पुढच्या भिंतीला लागून असतं. त्यामुळे डाव्या बाजूला किरण देताना हृदयाचा पुढचा भाग आणि तिथून उतरणारी महत्त्वाची धमनी किरणांच्या कडेला सापडू शकते.

याने किती फरक पडतो? स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात रेडिएशन घेतलेल्या २१६८ बायकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसात दर एक ग्रे वाढला की हार्ट अटॅकसारख्या त्रासाचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. हा धोका पहिल्या पाच वर्षांत सुरू होऊन किमान वीस वर्षं राहिला.

हा टक्का कसा वाचायचा ते समजून घ्या, नाहीतर उगाच घबराट होईल. ७.४ टक्के म्हणजे शंभरातल्या सात जणींना अटॅक येतो असं नाही. आधीचा जो धोका आहे त्यात तेवढी भर पडते. समजा १००० बायकांपैकी २० जणींना तसाही हृदयविकार होणार आहे. हृदयाला ३ ग्रे जास्त मिळाले तर ते २० चे साधारण २४ होतील. पण एखाद्या गटात बीपी, शुगर, लठ्ठपणा, तंबाखू यांमुळे आधीच १००० मध्ये ६० जणींना धोका असेल, तर ६० चे ७३ होतील. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या, बीपीची गोळी मध्येच सोडणाऱ्या, शुगर कधी तपासलीच नाही अशा कितीतरी बायका आहेत. त्यांच्यासाठी हृदयावरचा प्रत्येक ग्रे वाचवणं जास्त मोलाचं. मिश्री सोडणं हा त्या वाचवण्याचाच भाग आहे.

हे वाचून कुणी “मग रेडिएशनच नको” असं म्हणू नका. स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर रेडिएशन घेतलं तर दहा वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर येतं, हे हजारो बायकांच्या अभ्यासांतून २०११ मध्ये मांडलं गेलं. फायदा मोठा आहे. तो घेताना हृदयाला कसं जपायचं, एवढाच प्रश्न आहे.

इथे श्वास कामाला येतो. खोल श्वास भरला की फुप्फुस फुगतं, छातीची भिंत वर उचलली जाते, श्वासपटल खाली जातं आणि हृदय भिंतीपासून दूर, खाली-आत सरकतं. मध्ये हवेने भरलेल्या फुप्फुसाची जागा तयार होते. तेवढ्यात किरण दिले तर हृदयाला मिळणारा डोस बऱ्याच जणींमध्ये स्पष्ट कमी होतो. यासाठी औषध नाही, सुई नाही. साधारण २० सेकंद श्वास रोखायचा, सोडायचा, दम घ्यायचा, परत रोखायचा. असं काही वेळा.

टेबलावर काय होतं?

पहिल्या दिवशी उपचार नसतो, तयारी असते. सीटी मशीनवर झोपवतात, हात डोक्यावर घ्यायला लावतात आणि श्वासाचा सराव घेतात. ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असेल तर हात वर जात नाही, म्हणून खांद्याचा सांगितलेला व्यायाम आधीपासून करा.

उपचाराच्या वेळी खोलीत रुग्ण एकटीच असते, पण बाहेरून कॅमेऱ्यावर सतत दिसते आणि बोलणंही ऐकू जातं. काही ठिकाणी समोर छोटा पडदा किंवा चष्मा देतात. त्यावर एक रेघ वर-खाली होते, ती ठरलेल्या पट्टीत आणून थांबवायची. श्वास सुटला आणि रेघ पट्टीबाहेर गेली तर किरण थांबवले जातात. खोकला आला, धीर सुटला तरी घाबरायचं नाही. हात हलवा, ते थांबतील.

सराव घरी करता येतो. पाठीवर झोपून, हात डोक्यावर घेऊन, छाती भरून श्वास घ्या आणि मनात २० पर्यंत मोजा. पाठीची कमान करून छाती वर उचलायची नाही, पाठ टेकलेलीच हवी. रोज सारखाच श्वास भरता येणं महत्त्वाचं, सगळ्यात मोठा श्वास भरणं नव्हे.

सगळ्यांना हे जमतंच असं नाही. दमा, जुन्या टीबीने खराब झालेलं फुप्फुस, जास्त वय, कमी ऐकू येणं, अशा वेळी डॉक्टर दुसरी रीत निवडतात. किरणांच्या कडेला धातूच्या पात्यांनी हृदय झाकता येतं, काहींना पालथं झोपवूनही उपचार देतात. जमलं नाही म्हणजे रुग्णाची चूक झाली, असं मुळीच नाही.

आपल्या घरांतले काही प्रश्न

भाषा. श्वासाची सूचना माईकवरून येते, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. गावाकडची दादी-नानी घरात दखनी किंवा कोकणी बोलते, तिला “होल्ड” म्हणजे काय ते कसं कळणार? आधीच टेक्निशियनला भेटून शब्द ठरवून घ्या. “श्वास घ्या, रोखा, सोडा” किंवा “साँस लो, रोको, छोडो”, जे घरात बोलतात ते. आणि घरी सराव त्याच शब्दांत करा.

पडदा. छातीचा भाग उघडा ठेवावा लागतो, कारण खुणा आणि श्वासाची उंची कातडीवरूनच पाहतात. संकोच वाटणं साहजिक आहे. पण संकोचाने अंग आक्रसलं तर श्वासही नीट भरला जात नाही. महिला टेक्निशियन आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. बाकी अंग झाकून ठेवायला सांगा. हे विचारण्यात गैर काही नाही.

गोंदण. नेम रोज एकाच जागी बसावा म्हणून कातडीवर खुणा करतात. काही ठिकाणी सुईने टिंबाएवढं कायमचं गोंदतात, काही ठिकाणी शाईने. ज्यांना गोंदण नको त्यांनी आधी सांगावं. शाईची खूण चालते का ते विचारावं. शाई असेल तर आंघोळीत किंवा गुस्ल करताना ती जागा साबणाने घासू नका. पुसली गेली तर घरी पेनने काढू नका, तिथेच सांगा. काही नव्या मशीनवर प्रकाश टाकून छातीच्या उंचसखलपणाचा नकाशा कॅमेरा पाहतो. त्यावरच श्वासही मोजतात आणि गोंदणाची गरजही राहत नाही.

तावीज, दागिने. गळ्यातला तावीज, साखळी काढून घरीच ठेवा. किरणांच्या वाटेत धातू नको.

रमजान. उपचार रमजानमध्ये आला म्हणून पुढे ढकलू नका. मध्ये खंड पडला तर परिणाम कमी होऊ शकतो. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहेच, डॉक्टरांशी आणि आपल्या आलिमांशी बोलून ठरवा. यकृत, जठर, स्वादुपिंड यांच्या रेडिएशनमध्ये पोट भरलेलं की रिकामं यानेही गाठीची जागा बदलते. म्हणून खाण्याची जी वेळ सांगतील ती रोज तीच पाळायची.

खर्च आणि सोय

ही सोय प्रत्येक केंद्रावर नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या संस्थांत आणि अनेक खासगी रुग्णालयांत असते. जिल्ह्याच्या ठिकाणी जुनं मशीन असेल तर नसेलही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. पण आपल्याला सांगितलेली नेमकी पद्धत योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून मगच पैसे भरा. आणि एक लक्षात ठेवा. ही सोय नाही म्हणून उपचार लांबवणं सगळ्यात वाईट.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

• गाठ श्वासाने हलते का? किती?
• त्यासाठी इथे कोणती पद्धत वापरणार?
• डाव्या स्तनाचा उपचार असेल तर हृदयाला सरासरी किती ग्रे मिळतील? श्वास रोखून तो कमी होईल का?
• सराव कधी आणि कुणाकडून घ्यायचा?
• बीपी, शुगर, दमा यांची औषधं चालू ठेवायची का?

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. उपचार ठरवायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच. पण प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात लवकर शिकतो, आणि प्रश्न विचारणारा रुग्ण टेबलावर कमी घाबरतो. ज्या घरात सध्या रेडिएशन चालू आहे, त्या घरापर्यंत एवढी माहिती नक्की पोहोचवा. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा, आणि जमलं तर सोबत बसून २० पर्यंत मोजून श्वासाचा सराव करून घ्या.